नळाची धार बारीक झाली, तर आधी काय पाहाल?



ठिबकच्या गाळणीची निगा कशी राखावी, हे या सदरात आपण मागे पाहिले. त्यावर एका भगिनीची चिठ्ठी आली. ती लिहिते, "साहेब, शेतातल्या नळ्यांचे तुम्ही सांगितलेत. पण आमच्या स्वयंपाकघरात नळ आला त्याला दोन वर्षे झाली आणि आता त्यातून सुतासारखी धार येते. एक कळशी भरेपर्यंत दूध उतू जाते. त्यावरही काही सांगा की."

बाईंचे म्हणणे रास्त आहे. एके काळी खेड्यातल्या घरात नळ म्हणजे नवलाई होती. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला द्यायचे असे ठरले. तेव्हापासून पुष्कळ गावांत नळ ओट्यापर्यंत आला आहे. नळ आला म्हणजे त्याची दुखणीही आली. शिवाय आपल्यातल्या कित्येकांची मुले-मुली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्या घरी गेलो की हाच विषय निघतो. मला या विषयात जे थोडे शहाणपण आले, ते अशाच एका घरी आले, आणि तेही आधी फजिती होऊन. ती हकीगत आधी सांगतो.

मुलुंडची हकीगत

माझी थोरली बहीण, आमची आक्का, मुलुंडला मुलाकडे असते. इमारत चार मजल्यांची, चाळीस वर्षांपूर्वीची. बिऱ्हाड सर्वांत वरच्या मजल्यावर. गेल्या वैशाखात एका लग्नासाठी गेलो तेव्हा चार दिवस तिथे मुक्काम होता. पहिल्याच पहाटे साडेचारला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. पाहतो तर सत्तरी ओलांडलेली आक्का ओट्यापाशी उभी राहून पातेली भरते आहे. स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढीही धार नव्हती. गुढीपाडव्याच्या सुमारास धार बारीक झाली ती तशीच राहिली होती.

घरात त्यावरून कुरबुरही सुरू झाली होती. सूनबाई सकाळी आठच्या गाडीने कामावर जाते. तिची भांडी होईनात, डबे वेळेवर होईनात. आक्काला वाटे, सून कामाला संथ आहे. सुनेला वाटे, सासूबाई पहाटे उठून आपल्याला टोमणा मारतात. धार बारीक नळाची आणि भांडण माणसांचे, असा प्रकार.

भाच्याने दोघा कारागिरांना दाखवले होते. एकाने सांगितले, "जुन्या लोखंडी नळ्या आतून गंजल्या आहेत. भिंत फोडून सगळ्या बदला. बावीस हजार होतील." दुसरा म्हणाला, "छोटी मोटार बसवा, काम संपले." भाचा मोटारीचे पैसे देण्याच्या बेतात होता.

मी म्हटले, थांब. तीस वर्षे शेतकऱ्यांच्या नळ्या तपासल्या आहेत, तुझी तपासतो. आणि पहिली चूक तिथेच केली. शेतात पाणी कमी आले की आपण विहिरीपाशी जातो. त्याच सवयीने मी थेट गच्चीवर गेलो. दुखऱ्या गुडघ्याने शिडी चढून टाकीत डोकावलो. टाकी काठोकाठ भरलेली. घाम पुसत खाली आलो तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, न्हाणीघरातल्या नळाला तर चांगले पाणी येते. टाकी तर दोघांची एकच आहे ना?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. रोज त्या ओट्यापाशी उभी राहणारी बाई जाणत होती, पण तिला कोणी विचारलेच नव्हते. त्या कारागिरांनीही नाही आणि मीही नाही. टाकी एक, उभी नळी एक, आणि न्हाणीघराचा नळ चांगला वाहतो. याचा अर्थ टाकी निर्दोष, उभी नळी निर्दोष. दुखणे स्वयंपाकघरातच आहे.

मग रीतसर तपासले. दहा लिटरची बादली आणि घड्याळ घेतले. बादली भरायला आठ मिनिटे लागली. नळाच्या तोंडाला जी बारीक जाळी असते ती फिरवून काढली. आत तांबूस गंजाचे कण, पांढरी खर आणि रेती यांचा थर बसला होता. पाडव्याच्या आधी टाकी धुतली होती, तेव्हा तळाचा गाळ ढवळून नळ्यांत उतरला आणि जाळीत येऊन अडकला. जाळीशिवाय बादली तीन मिनिटांत भरली. सगळे खूश झाले. पण माझे समाधान होईना, कारण न्हाणीघरातला नळ तीच बादली दोन मिनिटांत भरत होता. ओट्याखाली वाकून पाहिले, तर भिंतीतून निघालेला अँगल कॉक अर्धाच उघडा होता. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवताना कोणी तरी तो फिरवला असावा आणि पुन्हा पूर्ण उघडायला विसरला असावा. तो उघडला. बादली दोन मिनिटांच्या आत भरली. जाळी धुऊन परत बसवली तेव्हा दोन मिनिटांना चार-सहा सेकंद जास्त लागले, इतकेच.

खर्च काय आला? एक लिंबू आणि जुना दात घासण्याचा ब्रश. बावीस हजार वाचले आणि मोटारही वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का उठली नाही. सहा वाजता उठून तिने सुनेसाठी चहा टाकला. दोघींत बोलणे काही झाले नाही, पण चहा मात्र दोघींनी एकत्र घेतला.

दुखणे शोधण्याची रीत

या हकीगतीतून जी रीत निघते ती लक्षात ठेवा. शहरातल्या घराला लागते तशीच ती गावातल्या घरालाही लागते.

पहिला प्रश्न : धार एकाच नळाची बारीक आहे की सगळ्याच? एकाच नळाची असेल तर दोष त्या नळापाशी. घरातल्या सगळ्याच नळांची असेल तर दोष टाकीपासून घरापर्यंतच्या वाटेवर. शेजाऱ्यांकडेही तेच असेल तर दोष मुख्य वाहिनीत किंवा पुरवठ्यातच. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही आणि अर्धे काम तोच करतो.

दुसरा प्रश्न : धार हळूहळू कमी झाली की एकाएकी? महिनोन् महिने हळूहळू कमी होत आली असेल तर खर किंवा गंज साचतो आहे असे समजा. एकाएकी झाली असेल तर कचरा अडकला, कॉक कोणी फिरवला, नळी मुडपली किंवा हवा अडकली, यांपैकी काही तरी झाले आहे.

तिसरी गोष्ट मोजमाप. नजरेवर विसंबू नका. बादली आणि घड्याळ घ्या, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ओट्यावरचा नळ मिनिटाला पाच-सहा लिटर देत असेल तर घरकामाला तो पुरेसा आहे.

आता एकट्या नळाचा दोष कसा काढायचा ते पाहू.

आधी जाळी. सिंकच्या भोकात फडके कोंबा, म्हणजे वायसर निसटून मोरीत जाणार नाही. जाळी हाताने फिरली नाही तर फडके गुंडाळून पकडीने फिरवा, म्हणजे चकाकीवर ओरखडे येणार नाहीत. आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ताटलीत मांडा. उलट बाजूने पाण्याखाली धरा आणि सुईने भोके मोकळी करा. पांढरी खर चिकटली असेल तर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा आणि सकाळी घासा. ठिबकच्या नळ्यांना आपण आम्लप्रक्रिया करतो, तीच ही, फक्त घरगुती. पण शेतातले किंवा फरशीचे तीव्र आम्ल यासाठी कदापि वापरू नका. नळाचा मुलामा जातो, आणि बंद स्वयंपाकघरात त्याची वाफ छातीला बाधते.

जाळी काढूनही धार बारीकच असेल तर अँगल कॉक पाहा. तो पूर्ण उघडा आहे ना? त्याच्यापासून नळापर्यंत जी लवचीक नळी जाते ती कुठे मुडपली नाही ना? त्यानंतरची परीक्षा अशी : कॉक बंद करा, लवचीक नळी नळाच्या बाजूने सोडवा, तिचे तोंड बादलीत धरा आणि कॉक सावकाश उघडा. बादलीत जोराची धार आली तर दोष नळाच्या पोटात आहे. धार बारीकच आली तर दोष नळाच्या मागे, म्हणजे कॉकमध्ये किंवा भिंतीतल्या नळीत आहे.

जुन्या पद्धतीच्या, चार-पाच फेरे फिरवायच्या नळात वायसर फुगतो किंवा सुटून वाटेत आडवा होतो. तो चार-दोन रुपयांचा वायसर बदलला की काम होते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात आतली चकती कचऱ्याने अडते. ती काढून धुता येते, नाही तर त्याच मापाची नवी मिळते. दुकानात जाताना जुनी सोबत न्या.

वाटेवरचे दोष

सगळ्याच नळांची धार बारीक असेल तर पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

घराचा मुख्य व्हॉल्व्ह. जुन्या गेट व्हॉल्व्हमध्ये कधी कधी आतली झडप दांड्यापासून तुटून खाली बसते. वरची मूठ गरगर फिरते, आपल्याला वाटते उघडला, पण वाट बंदच असते.

हवा अडकणे. टाकी धुतल्यावर किंवा पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळीच्या उंच वळणात हवा कोंडते. नळ खुरखुरतो, थुंकतो, मग धार मंदावते. अशा वेळी सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा सोडा आणि मग एकेक करून वरचे उघडा. नवीन जोडणी करताना टाकीच्या तोटीजवळून एक उभी हवेची नळी टाकीच्या काठाच्या वर काढून ठेवली तर हा त्रास होतच नाही.

टाकीची तोटी. तळाशी गाळ साचला की तोटीचे तोंड बुजते. टाकी धुताना बाहेर जाणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा आणि गाळ तळाच्या बुचातून बाहेर सोडा, घरातल्या नळांतून नको. मुलुंडला नेमके हेच चुकले होते. धुऊन झाल्यावर सगळ्या नळांच्या जाळ्या काढून पाच मिनिटे पाणी वाहू द्या. ते पाणी बादलीत धरून झाडांना घाला.

लोखंडी नळ्या. पहिल्या कारागिराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्या तीस-चाळीस वर्षांत आतून गंजतात आणि गाठी येऊन वाट अरुंद होते. अर्ध्या इंचाची वाट पाव इंच राहिली तर पाणी निम्मे होत नाही. त्याच दाबावर ते साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून नळ्या बदलाव्या लागतात हे खरे, पण ते शेवटचे औषध आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये, म्हणून आधी जाळी आणि कॉक पाहायचे.

शेवटी दाब. पाण्याची उभी उंची १० मीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. हा हिशोब आपल्याला ठिबकमुळे ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणाऱ्या इमारतीत तळमजल्याला जोर जास्त आणि सर्वांत वरच्या मजल्याला कमी असतो, कारण टाकी डोक्याच्या जेमतेम तीन-चार मीटर वर असते. गावात आपण स्लॅबवर टाकी ठेवतो तेव्हाही असेच होते. ओट्यावरच्या नळाला दोन-अडीच मीटरचाच दाब मिळतो. तिथे मोटार हा उपाय नव्हे. टाकी चौथऱ्यावर आणखी एक-दीड मीटर उंच करा. टाकीपासून एक इंची नळी आणा आणि नळापाशी येऊन ती अर्ध्या इंचाची करा. कोपरे कमीत कमी ठेवा. आणि अशा कमी दाबाला बारीक जाळीचा नळ घेऊच नका. साधा मोकळ्या तोंडाचा नळ बरा.

मोटार लावण्यापूर्वी

आता त्या दुसऱ्या कारागिराच्या सल्ल्याबद्दल. मुलुंडला त्या उभ्या नळीवर चार मजल्यांची चार घरे आहेत. वरच्याने मोटारीने ओढायला सुरुवात केली असती तर खालच्यांची धार तुटली असती. मग त्यांनीही मोटारी बसवल्या असत्या.

आपल्या स्वतःच्या टाकीपुढे मोटार लावणे हा निदान आपल्या घरचा प्रश्न. पण गावच्या किंवा नगरपालिकेच्या मुख्य वाहिनीला थेट मोटार लावणे हा गुन्हाच समजा. मुंबईत त्याला मनाई आहे, आणि गावोगावच्या ग्रामपंचायतीही अशा मोटारी जप्त करतात. कारण केवळ शेजाऱ्याचे पाणी तुटते एवढेच नाही. वाहिनीत जोर असतो तेव्हा फटीतून पाणी बाहेर गळते. मोटारीने ओढ बसली की तीच फट उलटी चालते आणि गटाराचे पाणी आत खेचले जाते. मग गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर घरोघरी जातात. मोटार लावणाराचे घरही त्यातून सुटत नाही, आणि सर्वांत आधी आजारी पडतात ती लहान मुले.

ज्या भगिनीने चिठ्ठी लिहिली तिने आधी आपली जाळी, वायसर आणि कॉक पाहावेत. ते ठीक असतील तर पाणी सुटण्याच्या वेळी गल्लीतून एक फेरी मारावी. वरच्या आळीत हंडे भरभर भरत असतील आणि शेवटच्या घरांना करंगळीएवढी धार असेल, तर वाटेत मोटारी आहेत किंवा वाहिनी फुटली आहे. ते एकट्याने मिटत नाही. ग्रामसभेत मांडावे, आणि शेवटच्या घरच्या चार बायकांनी मिळून मांडावे. आळीपाळीने व्हॉल्व्ह सोडून प्रत्येक आळीला ठरावीक वेळ पाणी देणे, ही पाटपाण्याची पाळी आपल्याला नवी नाही.

धारेच्या मागचे पाणी

मुलुंडच्या त्या नळातले पाणी येते कुठून? मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते. विहार आणि तुळशी हे दोन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातले, एकोणिसाव्या शतकात बांधलेले. बाकीचे पाच म्हणजे तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. हे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. सातांची मिळून साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि त्यातली जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. तिथून मोठमोठ्या जलवाहिन्यांतून आणि बोगद्यांतून पाणी येते, भांडुपसारख्या ठिकाणी शुद्ध होते आणि मग इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्यांत ठरावीक तास सोडले जाते. तिथून पंपाने ते गच्चीवर चढते. पाऊस लांबला की या साऱ्यालाच कात्री लागते. २०२४ साली मेअखेरीस ५ टक्के आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून १० टक्के पाणीकपात मुंबईला सोसावी लागली. अशा दिवसांत धार बारीक झाली तर नळाला दोष देऊ नये.

मी नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे शहापूर तालुक्यात काढली. तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यातली. तरीही चैत्र-वैशाखात तिथल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या आयाबाया मी पाहिल्या आहेत. हाताच्या अंतरावरून माणूस उभा राहील एवढ्या जाड नळ्या जातात, आणि त्यांच्या सावलीत रिकामे हंडे. मुलुंडच्या सिंकमध्ये पाणी खळखळून पडू लागले तेव्हा मला ते हंडे आठवले. मी भाच्याला म्हटले, "धार मोकळी झाली, आता गळती बघ." न्हाणीघराचा नळ सेकंदाला एक थेंब गळत होता. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दिवसाला चार लिटरांवर आणि महिन्याला सव्वाशे लिटरांवर पाणी जाते. त्याचा वायसर त्याच संध्याकाळी बदलला. तो सूनबाईने बदलला. मी फक्त पान्हा धरून उभा होतो.

तेव्हा बंधु-भगिनींनो, महिन्यातून एकदा, अमावास्या लक्षात ठेवा हवी तर, घरातल्या सगळ्या नळांच्या जाळ्या काढून धुवा. टाकीचे झाकण बसते आहे का ते पाहा. ओट्याखालचे कॉक एकदा बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे ते जाम होत नाहीत. आणि कारागिराला बोलावण्याआधी त्या नळावर रोज कोण काम करते, तिला विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिच्यापाशी असते.

पुढील लेखात पावसाळ्यापूर्वी विहिरीचे आणि टाकीचे पाणी निर्जंतुक कसे करावे, ते पाहू.